गँगवे चढून येणाऱ्या माणसाविषयी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

बंदरात लागलेल्या बोटींवर गँगवेनं, म्हणजे बोटीच्या शिडीनं, चढून येऊन खलाशांची विचारपूस करणाऱ्या पाद्र्यांवरचा माझा लेख तुम्हाला खटकला. ते देतात त्या टोप्या, सिमकार्डं, फुकटची व्हॅन हे सगळं धर्मांतरासाठीचं आमिष आहे, घरापासून लांब एकटा पडलेला पोरगा सहज गळाला लागतो, आणि घरी गणपती बसवणाऱ्या माझ्यासारख्यानं त्यांची भलामण करावी याचं वाईट वाटलं, असं तुम्ही लिहिलंत. तुमचा पुतण्या नुकताच डेक कॅडेट, म्हणजे शिकाऊ अधिकारी, म्हणून बोटीवर चढलाय आणि त्याला तुम्ही ‘या लोकांपासून लांब राहा’ असं बजावलंय. त्या पोरासाठी म्हणून सविस्तर लिहितो.

तुमची शंका निराधार नाही, हे आधी मान्य करतो. 1857 साली लंडनच्या लाइमहाउस भागात आशियाई खलाशांसाठी वसतिगृह निघालं. थंडीत रस्त्यावर आलेल्या आपल्या माणसांना तिथं छप्पर मिळालं. पण तिथं येणारा मिशनरी जोसेफ साल्टर हिंदुस्तानी शिकला तो त्यांना ख्रिस्ताची शिकवण द्यायलाच. या सगळ्या कामाचा उगमही धर्मातलाच. 1835 मध्ये जॉन अ‍ॅशली नावाचा पाद्री ब्रिस्टलच्या खाडीत नांगरून पडलेल्या जहाजांवर होडीनं जाऊ लागला, कारण त्या माणसांना चर्चला जाता येत नव्हतं. आजची ‘मिशन टू सीफेअरर्स’ 1856 ची, त्याच कामातून उभी राहिलेली. कॅथलिकांची ‘स्टेला मारिस’ 1920 साली ग्लासगोत सुरू झाली. पुढे बोटींवरची माणसं बदलली. फिलिपिनो, भारतीय, चिनी, युक्रेनियन एकाच मेसमध्ये जेवू लागले. 1969 मध्ये अशा संस्थांची आंतरराष्ट्रीय संघटना झाली. खलाशाचा धर्म, भाषा, वंश कुठलाही असो, त्याचा मान राखायचा, हे तिच्या आचारसंहितेत आहे.

कागदावर काहीही लिहिता येतं, असं तुम्ही म्हणाल. म्हणून पाहिलेलं सांगतो. 1998 चा जानेवारी, इंग्लंडमधलं इमिंगहॅम बंदर, कोळशाची बोट, मी थर्ड इंजिनियर. आमचा ऑइलर, म्हणजे इंजिनरूममधला मदतनीस, दापोलीकडचा कोकणी मुसलमान. आदल्या दिवशी कंपनीकडून निरोप आला होता, वडील गेले. रिलीव्हर, म्हणजे बदली माणूस, नाही म्हणून साइन ऑफ करून घरी जाता येत नाही. तो वॉच, म्हणजे पाळी, करतच होता; केबिनमध्ये बसून तरी काय करणार?

दुपारी पोर्ट चॅप्लेन, म्हणजे बंदरातला पाद्री, आला. साठीचा माणूस, जॅकेट पावसानं निथळत होतं. मेसमननं नुकतीच फरशी पुसलेली बघून त्यानं बूट दाराशीच काढले. पिशवीत वर्तमानपत्रं आणि हातानं विणलेल्या लोकरीच्या टोप्या. ऑइलरचं कळल्यावर चीफ इंजिनियरची परवानगी काढून तो त्याला व्हॅनमधून खलाशांसाठीच्या सेंटरवर घेऊन गेला. सोबत मीही गेलो. ऑइलर फोनवर पाऊण तास होता, आम्ही दोघं बाहेर बाकावर. तो आल्यावर चॅप्लेननं एवढंच विचारलं, तुमच्याकडे अशा वेळी काय करतात? माणसं जमतात, कुराण वाचतात, तो म्हणाला. चॅप्लेननं एक खोली उघडून दिली आणि भिंतीवर टाचलेल्या नकाशावर मक्का कुठल्या दिशेला येते ते बोटानं शोधू लागला. ऑइलरला कुराणातली यासीन सूरा पाठ होती. तो म्हणत होता तेवढा वेळ आम्ही दाराशी उभे होतो. बायबलचं त्या माणसानं नावही काढलं नाही.

परत सोडताना गँगवेपाशी त्यानं विचारलं, पुढचं बंदर कोणतं? अमेरिकेतलं नॉरफोक. 13 दिवसांनी तिथं लागलो तर धक्क्यावर एक बाई उभ्या होत्या, हातात चिठ्ठी आणि तिच्यावर आमच्या ऑइलरचं नाव. कंपनीला रिलीव्हर मिळायला त्यानंतरही महिना गेला.

आता तर अवघडच झालंय. 2004 पासून सुरक्षेच्या नियमांमुळे बंदरांची कुंपणं वाढली, कंटेनरची बोट कित्येकदा दिवसभरात सुटते, पोरांना शोअर लीव्ह, म्हणजे बंदरात उतरायची सुट्टी, मिळत नाही. 2020 मध्ये कोविडमुळे चार लाखांच्या आसपास खलाशी करार संपूनही बोटींवर अडकले होते. वर चढायची बंदी असलेल्या बंदरांत हे चॅप्लेन गँगवेच्या पायथ्याशी सामान ठेवून जायचे.

‘आपल्या लोकांचं असं काही का नाही?’ हा तुमचा प्रश्न मला खरा वाटतो. अगदीच नव्हतं असं नाही. धोबीतलावला गोवेकर खलाशांचे कूड होते, गावागावांच्या नावानं चालणारे. बोट मिळेपर्यंत निजायला जागा, ट्रंक ठेवायला जागा, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून रोझरीची प्रार्थना. पण ती सोय आपल्या गावच्या माणसासाठी. न्हावाशेवाला लागलेल्या बोटीवरच्या फिलिपिनो मेसमनची विचारपूस करायला तुमच्या-माझ्यातलं कोण जातं? सागरी कामगारांचा आंतरराष्ट्रीय करार भारतानं 2015 मध्ये स्वीकारला. बंदरातल्या सोयी देश आणि धर्म न बघता सर्व खलाशांना मिळाव्यात, असं तो सांगतो. कुठल्याही मंडळाला, मठाला हे काम करता येईल. तुम्ही पुढाकार घ्या, मी येतो. मनापासून सांगतोय.

पुतण्याला मात्र ते ‘लांब राहा’ सांगू नका. कुणी धर्माचा विषय लावून धरलाच तर सरळ नाही म्हणायचं आणि कॅप्टनला सांगायचं, एवढं त्याला शिकवा. पण प्रत्येक बंदरातल्या सेंटरचा नंबर त्याच्याकडे असू द्या. मालक बोट टाकून पळाला, पगार थकला, अन्नपाणी संपत आलं, अशा वेळी वर चढून येणारा पहिला माणूस पुष्कळदा हा चॅप्लेनच असतो, आणि कंपनीचा नसल्यामुळे त्याच्याशी मोकळं बोलता येतं. आणि टोपी दिली तर घेऊ दे त्याला. उत्तरेकडच्या बंदरात जानेवारीत पहाटे मूरिंगला, म्हणजे बोट बांधायला, उभं राहिलं की कान बधिर होतात.