म्हणे पऱ्हाटी झटकून घ्या

झटकून घ्या म्हणे. पऱ्हाटी! शेजारच्या स्पंज आयर्नच्या (खनिजापासून कोळशावर लोखंड करणाऱ्या) कारखान्याची काजळी कापसाच्या पऱ्हाटीवर, म्हणजे झाडांवर पडते, अशी तक्रार केली होती. तिच्या उत्तरात असंच लिहिलंय, सही-शिक्क्यासकट: ‘सदर धूळ ही शेतरस्त्यावरील असून हंगामी स्वरूपाची आहे. शेतकऱ्यांनी वेचणीपूर्वी झाडे झटकून घ्यावीत.’ वावरात हे वाचून दाखवलं तर वेचणीच्या बायाही हसल्या, आणि त्या सकाळपासून काळं थुंकत होत्या.

लेकहो, हे लिहिणाऱ्यानं फुटलेलं बोंड आयुष्यात कधी हातात धरलंय का? दिवाळीनंतर पऱ्हाटीचं पान वाळून पापड झालेलं असतं. झाडाला एक हिसका दिला की त्या पानाचा चुरा होतो आणि नेमका कापसात जाऊन अडकतो. कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर पहिला हात घालतो तो ही पत्ती शोधायलाच. उरलेला कापूस खाली मातीत. आणि ज्या काजळीसाठी झटकायचं, ती जागची हलत नाही. ती पडते रात्री, पहाटे तिच्यावर दव बसतं, आणि नऊ वाजता ऊन तापेपर्यंत बोंडावर तिचा लेप झालेला असतो. बोटानं पुसली तर आणखी पसरते. मग काय, धुवायचा? सरकारी खरेदी करणारं कापूस महामंडळ, सीसीआय, आठ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव देतं, बाराच्या वर गेला की गाडी परत. झटकला तर पत्ती, धुतला तर ओलावा, आणि तसाच नेला तर व्यापारी म्हणतो, ‘काळा माल आहे, कट लागन.’ पत्र लिहिणाऱ्यानं चौथा मार्गही सांगून टाकायचा होता.

शेतरस्त्यावरची धूळ म्हणे. त्या रस्त्यावरून रात्री अकरा ते दोन कोणाची बंडी धावते? धुऱ्यावर उभं राहून बघा ना एकदा. चिमणीतून पांढरट वाफ निघतेय, अगदी सोज्वळ, आणि तिच्या बाजूच्या ठेंगण्या नळकांड्यातून काळा लोट. त्या नळकांड्याला टोपी म्हणतात. स्पंज आयर्नच्या भट्टीचा गॅस आधी आफ्टर बर्निंग चेंबरमध्ये जळतो, मग थंड होतो, मग ईएसपीत, म्हणजे विजेनं धूळ धरणाऱ्या यंत्रात जातो. तिथे हजारो व्होल्टच्या तारांमुळे धुळीला विद्युतभार मिळतो आणि ती पत्र्यांना चिकटते. हातोडे पत्रे ठोकतात, धूळ खालच्या हॉपरमध्ये पडते, आणि उरलेला गॅस आयडी फॅन नावाचा मोठा पंखा ओढून चिमणीतून सोडतो. टोपी असते चेंबरच्या डोक्यावर, म्हणजे या सगळ्याच्या आधी. ती उघडली की गॅस ईएसपीचं तोंडही न बघता सरळ आभाळात.

टोपी असणं हा गुन्हा नाही, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर कोणी शहाणा येऊन शिकवेल. फॅन अचानक बंद पडला, वीज गेली, गॅसमध्ये कार्बन मोनॉक्साइड वाढला, तर टोपी उघडावीच लागते. नाहीतर ईएसपीत स्फोट होईल, आतली माणसं जातील. पण टोपी उघडली तर भट्टीत जाणारा माल तिथल्या तिथे बंद व्हायला पाहिजे. इथे माल चालूच असतो. हॉपर वेळेवर रिकामे केले नाहीत की राख वर चढते, तारेला टेकते, ईएसपीचा तो कप्पा शॉर्ट होतो. दुरुस्तीला भट्टी थांबवायची म्हणजे नुकसान. मग टोपी आहेच की, रात्रही आहे! एक टन स्पंजला दीड टनाच्या आसपास खनिज आणि टनाहून जास्त कोळसा लागतो, दिवसाला शंभर टनांची भट्टी, आणि आणीबाणी मात्र रोज जेवणं झाल्यावरच येते.

आता यातली खरी मेख. धूर मोजणारा ऑनलाइन मीटर बसवलाय चिमणीवर. टोपीतून धूर गेला की चिमणीत उलट कमीच जातो. म्हणजे वावरात काळोख, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सर्व्हरवर आकडा एकदम साजरा. कोळशाच्या भट्टीला मर्यादा घनमीटरमागे १०० मिलिग्रॅमची आहे. ज्या रात्री भिंतीवरची घोरपड खोकली, त्या रात्रीचा आकडाही त्याच्या आतच. ‘मापदंडांच्या आत’ हे शब्द कोणी उच्चारले की टाळकं फिरतं. मीटर चोराच्या पुढच्या दाराला, चोर मागच्या दारानं, आणि पंचनाम्यात ‘दार सुस्थितीत आढळले’.

बरं, फार ओरड झाली की गावात सॅम्पलर, म्हणजे हवेतली धूळ मोजणारा डबा येतो. डबा मिनिटाला साधारण १.१ घनमीटर हवा ओढतो, फिल्टरवर धूळ धरतो, चोवीस तास चालवायचा. ठेवतात कुठे? ग्रामपंचायतीच्या गच्चीवर, कारण तिथे प्लग आहे. थंडीत वारा उत्तर-ईशान्येकडून येतो, कारखान्याचं सगळं नैऋत्येच्या वावरांवर जातं, आणि ग्रामपंचायत बसली उत्तरेला. रात्री लाइन गेली की डबा बंद. बंद पडलेले तास हिशेबातून वगळतात, आणि वगळलेले तास कोणते, ते सांगायला ज्योतिषी नको.

लाइन नाही गेली तरी काय दिवे लागतात? समजा तीन तास घनमीटर हवेत ३५० मायक्रोग्रॅम धूळ, बाकी एकवीस तास ६०. काढा सरासरी. ९६. मर्यादा १००. पास! सगळ्यात वरची गंमत म्हणजे पीएम १०, म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतची बारीक धूळ मोजणाऱ्या या डब्यात एक चक्रीवाटी असते. दहा मायक्रॉनपेक्षा जाड धूळ ती बाजूला काढून खालच्या कपात टाकते. कापसावर, तुरीच्या फुलावर, कुटारावर जी पडते, जिला बघून बैलही तोंड फिरवतो, ती बहुतेक हीच जाड धूळ. पूर्वी एकूण धुळीलाही मर्यादा होती. २००९ च्या नोव्हेंबरात नवे मापदंड आले, त्यात ती गेली. छातीत खोल जाणाऱ्या बारीक धुळीकडे लक्ष दिलं ते बरोबरच झालं, पण जाडीला आता कोणी वाली नाही.

त्याच २००९ मध्ये देशातल्या प्रदूषित औद्योगिक पट्ट्यांची यादी निघाली होती. चंद्रपूर ८३.८८ गुण घेऊन देशात चौथं. दहावीत पोराला एवढे मिळाले असते तर पेढे वाटले असते.

आणि ते ट्रक! ताडपत्री असते, नाही असं नाही. केबिनच्या मागे घडी करून, दोरीनं बांधून, चेकपोस्टच्या अलीकडे अंथरायला. आणि ती जनसुनावणी: मांडव, मठ्ठा, पहिल्या चार रांगांत कंपनीच्याच टोप्या घातलेली माणसं, आणि हजार पानी अहवालाचा मराठी सारांश असा की वाचून मराठीच विसरावी. आणि जून महिन्यातलं वृक्षारोपण, दर वर्षी त्याच खड्ड्यांत. आणि आरोग्य शिबिर! खोकला म्हटलं की लाल औषधाची बाटली. फुंकून फुप्फुसाचा जोर मोजायचं यंत्र, स्पायरोमीटर, टेबलावर येतच नाही. आलं तर नोंद होईल ना. भट्टीबाहेर टाकलेल्या अर्धवट जळक्या कोळशाचे, ‘चार’चे, ढीग नाल्याच्या काठी आहेत, त्यावर तर अजून आलोच नाही, बीपी वाढतो.

एवढं तणतणून पाणी प्यायला उठावं तर खिडकीचे गज दिसतात. स्लॅबमधली सळई, शेताचं फाटक, वखराची पास, सगळं याच भट्ट्यांच्या लोखंडातून आलेलं असायला हरकत नाही. टोपीचं बटण दाबणारा पोरगाही गावातलाच, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसून वाढ म्हणतो. त्याच्यावर ओरडावं तर तो म्हणतो, ‘काका, फोन वरून येते.’ मग राग धरायचा कुठे? सध्या तो खिशात ठेवला आहे, चुंबकाच्या रूपात. जुन्या स्पीकरचं आहे. गावात आता त्यावरूनच ओळख झाली आहे, आणि ती काही कौतुकाची नाही.

पण राजेहो, चुंबक हसण्यावारी नेऊ नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पानावरच्या धुळीवरून फिरवा. स्पंजची धूळ असेल तर मिशा फुटतात. फक्त आपल्या काळ्या मातीतही चुंबकाला धरणारे कण असतात, तेव्हा कारखान्यापासून दूरच्या, वाऱ्याच्या उलट बाजूच्या गावातलं पान जोडीला ठेवा. नाहीतर साहेब तेवढ्यावरच उडवून लावतील. पानं कागदी लिफाफ्यात ठेवायची, तारीख आणि गट नंबर टाकायचा.

जाड धुळीसाठी बादली. तोंड ३० सेंटिमीटरचं, तळाशी पाणी, गच्चीवर ३० दिवस. मग पाणी आटवायचं आणि गाळ सोनाराच्या काट्यावर तोलायचा. बादलीत १ ग्रॅम निघाला तर एकरी महिन्याला ५७ किलो पडली असा हिशेब. शेतरस्ता एकरी सत्तावन्न किलो उडत असेल तर तो रस्ता एव्हाना संपला असता. बादलीच्या तोंडाला मोठ्या भोकांची जाळी मात्र घट्ट बांधा. मागच्या खेपेला अठराव्या दिवशी वानरं आली आणि पुरावा पिऊन गेली.