बॅटरीची चेन सॉ ‘खेळणं’ आहे, पण नेमकी कुठली?

पावसाळ्यापूर्वीची छाटणी सुरू झाली की सोलापुरात झाडांची कामं घेणाऱ्यांच्या मोबाइलवर एक मजकूर हमखास फिरतो: “बॅटरीची करवत म्हणजे खेळणं. दहा मिनिटांत चार्जिंग खलास, सुक्या बाभळीत अडकते, आपल्या उन्हात बॅटरी फुटते. धंद्याला पेट्रोलच.”

आधी ‘खेळणं’. ऑनलाइन मिळणारी सहा इंची मशीनं बघून हे लिहिलेलं दिसतं. त्यांच्यावर ‘21 व्होल्ट’ छापलेलं असतं. म्हणजे नुकत्याच चार्ज झालेल्या पाच सेलची बेरीज, प्रत्येकी 4.2. कामाला लागल्यावर तोच बॅटरी पॅक 18 व्होल्टचा. काहींवर तर ‘88’ असतं, आत सेल तेवढेच पाच! 2 अँपिअर-तासाचा असा पॅक 36 वॉट-तासांचा होतो, म्हणजे त्यात एवढीच वीज साठते. सांगोल्याकडं डाळिंबाच्या बागेत काड्या छाटायला तो पुरे. धंद्याच्या मशीनचा 36 व्होल्टचा मोठा पॅक 280 ते 340 वॉट-तासांचा असतो, आठ-नऊ पट. दोन्हींना एकच नाव असल्यानं सगळा घोळ.

दहा मिनिटांची गोष्ट खरी आहे, पण ती ट्रिगर दाबून धरल्याची. 280 वॉट-तासांच्या पॅकमधून 1500 वॉट ओढले तर अकरा मिनिटं मिळतात. झाडावर सलग अकरा मिनिटं कोण कापतं? कडुनिंबाची चार इंची ओली फांदी धारदार चेननं चार-पाच सेकंदांत उतरते. त्या हिशेबानं एका पॅकमध्ये सव्वाशेच्या वर काप होतात. मधला वेळ दोर बदलण्यात, फांदी बांधून सोडण्यात, होटगी रोडवरची वाहनं थांबवण्यात जातो. तेवढ्या वेळात पेट्रोलचं मशीन नुसतं धडधडत राहतं, नाहीतर बंद करून दोरावर लटकत पुन्हा स्टार्टरची दोरी खेचावी लागते. बॅटरीवाल्याचा खर्च तेव्हा शून्य.

चढणाऱ्या एका माणसाला दिवसाला तीन पॅक धरा. ते रात्री घरी भरून घ्या, तिन्ही मिळून साधारण एक युनिट वीज लागते. जीपच्या बॅटरीवरून जलद चार्जर चालवायच्या भानगडीत पडू नका. 500 वॉट म्हणजे 12 व्होल्टवर चाळीसच्या वर अँपिअर. वायरी तापतात आणि संध्याकाळी जीप ढकलावी लागते.

बाभळीत अडकते ती धार नसल्यामुळं. बोथट चेन पेट्रोलचं मशीन जोरावर रेटून नेतं, म्हणून आपल्याला कानस न लावायची सवय लागली आहे. बॅटरीच्या मशीनमध्ये बोथट चेनमुळं करंट मर्यादेबाहेर गेला की कंट्रोलर मोटर बंद करतो. भुशाकडं बघा: पोह्यासारखे ढलपे पडत असतील तर धार आहे, पिठासारखा भुसा पडला की हात थांबवा. 3/8 लो-प्रोफाइल चेनला 4 मिलिमीटरची गोल कानस, 30 अंशांचा कोन, प्रत्येक दाताला सारखेच दोन-तीन हात. दातापुढचा उंचवटा दातापेक्षा 0.65 मिलिमीटर खाली हवा. तो जास्त घासला तर चेन लाकडाला चावते आणि मशीन झटका देतं. पॅक बदलताना दर वेळी एवढं करा. रस्त्याकडेच्या कडुनिंबात जाहिरातींच्या पाट्यांचे खिळे असतात, ते आधी शोधा.

उलट्या बाजूचीही एक थाप आहे: “बॅटरीला तेल लागत नाही.” पेट्रोलमध्ये मिसळायचं टू-टी (2T) ऑइल लागत नाही, चेनला घालायचं ऑइल लागतंच. जळकं ऑइल ओतलं तर पंप तुंबतो.

उन्हाचा मुद्दा अर्धा खरा. लिथियमचा पॅक साधारण 45 अंशांच्या वर चार्ज करू नये, आणि मे महिन्यात इथं सावलीतच 42-43 होतं. नुकताच मशीनमधून काढलेला पॅक लावला की चार्जर तो घेत नाही आणि लोक म्हणतात, बॅटरी गेली. अर्धा तास सावलीत ठेवा. बर्फात नको, पाण्यात तर नकोच. जीपच्या डॅशबोर्डवर मात्र कधीही ठेवू नका. पडून तडा गेलेला पॅक आणि डुप्लिकेट चार्जर हा आगीचा खरा धोका. आणि याच उन्हात पेट्रोलचं गरम मशीन सुरू व्हायला किती रडवतं, ते मजकूर लिहिणारा विसरला. त्यात आता पंपावर 20 टक्के इथेनॉल, आपल्याच उसाचं म्हणा ना. बऱ्याच चेन सॉच्या पुस्तिकेत परवानगी 10 टक्क्यांपर्यंतचीच असते. मिसळून ठेवलेलं पेट्रोल महिनाभर राहिलं की कार्ब्युरेटरचा डायफ्राम (आतला पातळ पडदा) कडक होतो.

खरा धोका त्या मजकुरात आलाच नाही. हे मशीन चालू आहे हे ऐकू येत नाही. खालचा माणूस बिनधास्त फांदीखाली येतो, म्हणून प्रत्येक कापाआधी वरून हाक आणि खालून उत्तर. जागा बदलताना चेन ब्रेक लावायचा, लांब सरकताना पॅक काढायचा.

‘धंद्याला पेट्रोलच’ हे बुंध्यापुरतं मान्य. दोन फुटी चिंच किंवा रेन ट्री आडवा करायचा असेल तर 60-70 सीसीचं मशीन आणि लांब बारच (चेन जिच्यावर फिरते ती पट्टी) हवा. तिथं बॅटरीचा हट्ट नको. खर्चाचंही तेच. तीन पॅक आणि जलद चार्जर मिळून मशीनपेक्षा महाग पडतात, त्यामुळं वर्षात जेमतेम महिनाभर छाटणी करणाऱ्यानं घेऊ नये. घेतलंच असेल तर हंगाम संपल्यावर पॅक अर्धा भरून, मशीनमधून काढून, पत्र्याच्या शेडऐवजी घरात ठेवावा.