अपेक्षा मोडते तिथे थांबा: म्हापशाच्या वाचकांना उत्तर

नमस्कार. प्रवासातून माणूस घडतो, या लेखावर तुम्ही दोन आक्षेप घेतले आहेत. एक, गोव्यात दरवर्षी लाखो पर्यटक येतात, किनाऱ्यावर लोळून जातात, त्यांतला कुणी बदललेला दिसत नाही. दुसरा, ज्याच्या घरी आजारी आई आहे आणि हातात फक्त आठवड्याची सुट्टी, त्याला हे सांगणे म्हणजे पोटभरल्यांची चैन.

पहिला आक्षेप शंभर टक्के मान्य. ठरलेले हॉटेल, दाराशी टॅक्सी, सोबत रोजचेच मित्र. अशा सहलीत कुठे काही अडतच नाही, मग स्वतःकडे बघायची वेळ येणार कशी? धरून गेलेली समजूत जिथे मोडते, तिथे खरे काम सुरू होते.

आपल्याच मातीतले उदाहरण घ्या. साखवाळचे धर्मानंद कोसंबी बुद्धाच्या ओढीने १८९९ साली घराबाहेर पडले. पुणे, ग्वाल्हेर करत काशीला पोचले, अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. नेपाळात बौद्ध धर्म भेटेल या आशेने तिथे गेले आणि पाहिले ते भलतेच. निराश होऊन परतले. पण निराशेपाशी ते थांबले नाहीत, विचारत राहिले. बोधगयेला एका भिक्षूने सांगितले, बौद्धांचे पाली भाषेतले ग्रंथ शिकायचे तर सिंहलद्वीप, म्हणजे श्रीलंका, गाठा. पुढे पालीचे एवढे मोठे पंडित झाले, त्याची वाट त्या फसलेल्या टप्प्यातून गेली. मात्र या प्रवासाची किंमत घरी राहिलेल्या पत्नीनेही मोजली, आणि तिथे तुमचा दुसरा आक्षेप अगदी बरोबर लागू पडतो. सगळे सोडून निघा, असे कुणालाही सांगू नये.

म्हणून एका दिवसाचा मार्ग सुचवते. आदल्या रात्री वहीत तीन ओळी लिहा: कुठला प्रश्न मनात आहे, तिथे काय दिसेल असे वाटते, कुणाशी बोलायला संकोच वाटेल. हे आधीच लिहायला हवे. नंतर लिहिले तर आपण आपल्यालाच शहाणे ठरवतो.

ऑक्टोबर ते फेब्रुवारीतला शनिवार निवडा, रविवारी गावच्या बसगाड्या कमी. दोन लिटर पाणी, सुटे पैसे, टोपी. सकाळी सातच्या सुमारास जुने गोवे, व्हाइसरॉयच्या कमानीखालून सरळ फेरीबोटीच्या धक्क्यावर. मांडवीतल्या दिवाडी बेटावर उतरताच पलीकडच्या नार्वे गावाच्या फेरीची वेळ बोटीवरच्या माणसांनाच विचारून घ्या. मग खाजन शेतांमधून, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतांमधून, पायी, एकट्याने, फोन पिशवीत. बांधावर मानस, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडणारी झडप, दिसली तर थांबा. भरतीचे पाणी तिची लाकडी दारे बाहेरून दाबून बंद करते, ओहोटीला आतले पाणी तीच दारे ढकलून बाहेर पडते. खारे पाणी आत आले तर शेत गेले. पण हे इथे वाचून ठेवू नका, शेतात असेल त्याला विचारा. आपल्या घरापासून तासाभरावरचे आपल्याला ठाऊक नाही, हे तोंडाने कबूल करणे सुशिक्षित माणसाला फार जड जाते. पुढे बल्कांवात, म्हणजे घरापुढच्या बैठकीच्या ओसरीत, बसलेल्या एखाद्या म्हाताऱ्या बाईला वाट विचारा. ती वाट सांगण्याआधी तुमचे गाव विचारेल, कुणाचे कोण ते विचारेल. घाई करू नका.

दिवाडीवरचे सप्तकोटेश्वराचे देऊळ पोर्तुगिजांनी पाडले, लिंग नदीपार नार्व्यात आले, आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी नार्व्यातल्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. फेरी ओलांडून तेच देऊळ गाठायचे, मग डिचोलीमार्गे म्हापसा. देवाच्या विस्थापनाची वाट पायाखाली घातल्यावर आपल्या घराण्याच्या, शेजाऱ्यांच्या आठवणींकडे वेगळ्या नजरेने बघावे लागते. कुणाचे मन भरून येते, कुणाला राग येतो. दोन्ही वहीत उतरू द्या.

बहुतेकांचे फसते ते दुपारी. अकरानंतर ऊन चढते, एक ते चार दुकाने बंद, चहा मिळत नाही, फेरी समोरून सुटते. लोक चिडतात, गाडी मागवतात आणि दिवस फुकट गेला म्हणतात. त्याच वेळी स्वतःला न्याहाळा: राग उन्हाचा आहे, की आपल्या वेळापत्रकाप्रमाणे जग चालत नाही याचा? त्याच रात्री अर्धे पान लिहा. "छान वाटले" हे वाक्य वर्ज्य. कशाने चिडलो, कुणाला टाळले, आदल्या रात्रीच्या तीन ओळींतले काय खोटे निघाले, एवढेच. पंधरा दिवसांनी पुन्हा वाचा, आणि जमले तर हीच वाट दुसऱ्या ऋतूत चाला.

आईजवळ कुणी बसायला नसेल, तर फेरीने दिवाडी आणि पहिल्या बांधापर्यंत जाऊन परत, एवढेही पुरे. जेवणापूर्वी घरी पोचता. पावसात मात्र डांबरी रस्ता सोडून बांधावर चढू नका, माती पायाखालून सुटते.