'२० च्या वर गुण म्हणजे डिप्रेशन': बेरीजच चुकली आहे

इंदूरच्या मराठी फॅमिली ग्रुपांवर एक मेसेज फिरतो आहे, मुख्यतः भंवरकुआंच्या क्लासेसमध्ये पीएससीची (राज्यसेवा परीक्षेची) तयारी करणाऱ्या मुलांच्या आईवडिलांसाठी. दहा प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४ गुण. बेरीज २० च्या वर गेली की मुलाला डिप्रेशन. शेवटी तीन सल्ले: थोडं प्रेशर ठेवा, ताणात अभ्यास चांगला होतो हे १९०८ पासून सिद्ध आहे; रोज डायरी लिहायला लावा; डॉक्टरची गरज नाही, वय वाढलं की आपोआप निवळतं.

प्रश्न खरे आहेत, आणि गोची तिथेच आहे. मानसशास्त्रज्ञ शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये मांडलेली ही 'पर्सीव्ड स्ट्रेस स्केल', म्हणजे जाणवलेला ताण मोजणारी चाचणी. मूळ प्रश्न १४. दहांची आवृत्ती १९८८ ची. 'गेल्या महिन्यात असं किती वेळा वाटलं' याला ० म्हणजे कधीच नाही, ४ म्हणजे फार वेळा.

मेसेजमध्ये एक ओळ गाळली आहे. दहापैकी चौथा, पाचवा, सातवा आणि आठवा हे प्रश्न सुलटे आहेत: अडचणी हाताळता येतील असा भरवसा वाटला का, गोष्टी मनासारख्या घडल्या का, वगैरे. त्यांचे गुण उलटे धरायचे असतात, ४ चे ०, ३ चा १. आता निवांत असलेली एखादी मुलगी घ्या. सहा त्रासाच्या प्रश्नांना तिने १-१ दिला, चार भरवशाच्या प्रश्नांना ४-४. मेसेजच्या हिशोबाने ६ अधिक १६, म्हणजे २२: डिप्रेशन! खरे गुण ६. म्हणजे पोरगी जितकी खंबीर, तितकी ती आजारी ठरणार.

बेरीज नीट केली तरी २० हा आकडा कुठून आला? ही चाचणी निदानाची नाहीच आणि तिला अधिकृत सीमारेषाही नाही. ताण किती जाणवला याची एका गटाची दुसऱ्याशी तुलना करायला ती आहे. शिवाय ती फक्त गेला महिना मोजते. प्रीलिम्सच्या आठवड्यात भरली तर गुण चढणारच. तेवढ्यावरून वर्षाचा निष्कर्ष काढू नये.

डिप्रेशनच्या प्राथमिक चाळणीसाठी पीएचक्यू-९ ही चाचणी वेगळी आहे: गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, गुण ० ते २७. १० किंवा जास्त आले तर डॉक्टरांशी बोलायचं. निदान तेच करतील. नववा प्रश्न मरण्याच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तिथे ० सोडून काहीही आलं, तर बेरीज कितीही कमी असो, त्याच दिवशी मदत घ्यायची.

१९०८ चा तो पुरावा म्हणजे यर्क्स आणि डॉडसन यांचा उंदरांवरचा प्रयोग. दोन पेट्यांपैकी चुकीच्या पेटीत शिरलं की विजेचा झटका. पेट्यांतला उजेडाचा फरक ठळक होता तेव्हा झटका वाढवल्यावर उंदीर लवकर शिकले. फरक ओळखणं अवघड केलं तेव्हा मात्र जोरदार झटक्याने शिकणं मंदावलं. यातून पोरांवर प्रेशर टाकण्याचा परवाना काढणं म्हणजे कमालच आहे. आणि पीएससीचा अभ्यास काही सोपा नाही.

डायरीत तथ्य आहे, पण रोज नव्हे. मानसशास्त्रज्ञ पेनेबेकर आणि बील यांच्या १९८६ च्या प्रयोगात कॉलेजच्या मुलांनी चार दिवस लागोपाठ, १५-१५ मिनिटं, मनाला लागलेल्या घटनेबद्दल लिहिलं. लिहिल्याबरोबर मन उलट जडच झालं. पुढच्या महिन्यांत दवाखान्याच्या फेऱ्या मात्र कमी झाल्या. ती धडधाकट मुलं होती. तोच विचार पानोपानी घोळत राहिला तर लिहिणं थांबवावं. आणि आईबाबांनी वही वाचायची नाही, नाहीतर मूल खरं लिहिणारच नाही.

'आपोआप निवळतं' हे सगळ्यांत घातक. संशोधक केसलर यांच्या २००५ च्या अमेरिकी पाहणीत आयुष्यातल्या मानसिक आजारांपैकी जवळपास तीन चतुर्थांश २४ व्या वर्षापर्यंत सुरू झालेले दिसले. म्हणजे ज्या वयात मेसेज थांबायला सांगतो, नेमक्या त्याच वयात.

दोन आठवडे झोप उडाली, जेवण सुटलं, आवडीच्या गोष्टींत रस उरला नाही, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लावा. मोफत आहे, चोवीस तास, हिंदीतही बोलतात. डॉक्टरकडे जाताना चाचणीच्या स्क्रीनशॉटऐवजी हे लिहून न्या: झोप किती तास, केव्हापासून, क्लास किती दिवस बुडाला, घरात आधी कुणाला असा त्रास होता का, सध्या कोणत्या गोळ्या चालू आहेत.