दोष सी भाषेचा नाही
कमोडोर ६४ या जुन्या घरगुती संगणकासाठी कंपायलर निवडण्यावरच्या लेखातलं 'कमोडोर ६४ वर सी मुळातच संथ, तिच्या वाटेला जाऊ नका' हे विधान पटलं नाही. त्यातला प्रोसेसर ६५०२ च्या घराण्यातला, आणि ६५०२ चा हार्डवेअर स्टॅक (तात्पुरता डेटा ठेवायची जागा) जेमतेम २५६ बाइटचा. म्हणून सीसी६५ हा सी कंपायलर फंक्शनचे पॅरामीटर आणि लोकल व्हेरिएबल वेगळ्या सॉफ्टवेअर स्टॅकवर ठेवतो आणि दर वेळी झीरो पेजमधल्या (मेमरीच्या पहिल्या २५६ बाइटमधल्या) पॉइंटरमार्फत तिथे जातो. वेळ खातो तो हा हेलपाटा!

मी लोकल व्हेरिएबल स्टॅटिक केले, म्हणजे स्टॅकऐवजी ठरावीक पत्त्यांवर ठेवले, लूपच्या मोजणीला १६ बिटांच्या इंटऐवजी ८ बिटांचं अनसाइन्ड कॅरेक्टर घेतलं, आणि तोच स्क्रोलिंगचा कोड डोळ्यांना जाणवेल इतका वेगवान झाला. असेंब्लीची एक ओळही लिहिली नाही. (रिकर्शन, म्हणजे फंक्शनने स्वतःलाच बोलावणं, मात्र सोडावं लागतं.) ६५०२ साठीचा दुसरा कंपायलर एलएलव्हीएम-मॉस तर रिकर्शन नसलेली फंक्शनं स्वतःच ओळखून त्यांच्या व्हेरिएबलना ठरावीक पत्ते देतो. कंपायलर निवडण्यावरच्या लेखात त्याचा साधा उल्लेखही नसावा, हे फार खटकलं.