‘दारू सोडायला ग्रुप कशाला?’ या मेसेजचा प्रतिवाद

दारू सोडण्याबद्दलचा एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: इच्छाशक्ती असली की दारू घरीच, एका झटक्यात सुटते. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे ए.ए. (मीटिंगमध्ये बसून एकमेकांच्या आधाराने दारू सोडणाऱ्यांचा गट), अशा गटांत शंभरातले पाचच टिकतात. तिथे देवधर्म गळी उतरवतात, पैसे काढतात, वर नाव जगजाहीर होतं. आणि पिणाऱ्याची तयारी नसेल तर घरच्यांनी हातावर हात धरून बसावं. लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसेलही, पण यातलं पहिलंच वाक्य जिवावर बेतू शकतं.

‘घरीच, एका झटक्यात सोडा’

बरीच वर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने दारू अचानक बंद केली, तर काही तासांतच हात थरथरायला लागतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत काहींना भास होतात, ताप चढतो, आपण कुठे आहोत ते कळेनासं होतं. याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार मिळाले नाहीत तर त्यात माणूस दगावू शकतो. मेंदू दारूच्या गुंगीला सरावलेला असतो, ती एकदम काढून घेतली की तो बेफाम होतो. इथे मनाचा निर्धार काय करणार? सकाळी हात स्थिर व्हायला ज्याला घोट लागतो, त्याने आधी डॉक्टर गाठावा. अशा वेळी नुसती मीटिंगही पुरत नाही. डॉक्टरी उपचार आणि मीटिंग दोन्ही एकाच वेळी चालू शकतात. मीटिंगमध्ये कुणी ‘गोळ्या बंद कर’ म्हणालं तर ऐकू नये. सदस्याने डॉक्टरकी करू नये, हे ए.ए.च्या स्वतःच्या पुस्तिकेतच लिहिलेलं आहे.

‘शंभरातले पाचच टिकतात’

हा आकडा हवेतून आलेला नाही, म्हणून तो जास्त फसवतो. १९७७ ते १९८९ या काळात ए.ए.ने आपल्या सदस्यांच्या पाहण्या केल्या आणि त्यांच्यावर १९९० मध्ये एक अंतर्गत टिपण निघालं. त्यातल्या एका आलेखात, गटात येऊन वर्ष न उलटलेल्या लोकांपैकी कितीजण कितव्या महिन्यात आहेत ते दाखवलं होतं. पहिल्या महिन्यातले १९ टक्के, बाराव्या महिन्यातले ५ टक्के. वाचणाऱ्यांनी अर्थ लावला: वर्षाअखेर ५ टक्केच उरतात.

आता बेरीज करून बघा. बारा महिन्यांचे मिळून १०० टक्के होतात. एकही माणूस गळला नसता तरी प्रत्येक महिन्याच्या वाट्याला ८.३ टक्केच आले असते! म्हणजे ५ ची तुलना १०० शी नाही, १९ शी करायची. तशी केली तर पहिल्या महिन्यात आलेल्यांपैकी साधारण एक चतुर्थांश लोक वर्षानंतरही येताना दिसतात. गळती मोठी आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पण हा हिशेब मीटिंगला येण्याचा आहे. कोण पुन्हा प्यायला लागलं, हे तो आलेख सांगतच नाही.

ते पाहायचं तर वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेचा २०२० चा आढावा आहे. त्यात २७ अभ्यास आणि १०,५६५ माणसं होती. ठरावीक आराखड्याने ए.ए.शी जोडून देणारे उपचार घेतलेल्यांपैकी वर्षानंतर ४२ टक्के लोक सलग दारूपासून दूर होते. इतर प्रस्थापित उपचारपद्धतींत हेच प्रमाण ३५ टक्के होतं. याला चमत्कार म्हणता येणार नाही, पण ‘काही उपयोग नाही’ असंही म्हणता येत नाही.

‘देवधर्म आणि पैसे’

देवाबद्दलच्या आक्षेपात तथ्य आहे. ए.ए.च्या बारा पायऱ्यांमध्ये, म्हणजे दारू सोडण्याच्या त्यांच्या कार्यक्रमात, देवाचा उल्लेख आहे, तो ‘आम्हाला उमगलेला देव’ असा, आणि काही मीटिंगमध्ये प्रार्थनाही होते. पण सदस्य व्हायला एकच अट आहे: दारू सोडायची इच्छा. तरीही ज्याला हे रुचत नाही त्याच्यासाठी स्मार्ट रिकव्हरीसारखे देवाचं नावही न घेणारे गट आहेत आणि ऑनलाइन बैठका आहेत. पैशांचं म्हणाल तर फी नसते. शेवटी पेटी फिरते, तीही ऐच्छिक, आणि नवख्याने काही टाकावं अशी अपेक्षा नसते.

‘नाव जगजाहीर होतं’

पहिलं नाव पुरतं, तेही खरंच हवं असं नाही. नाव बाहेर न सांगण्याला कायद्याचं संरक्षण नाही, हा आपसातला पाळलेला नियम आहे, एवढं ठाऊक असावं. ज्याला धास्ती वाटते त्याने बंद मीटिंग निवडावी. तिथे फक्त दारू सोडू पाहणारेच असतात. खुल्या मीटिंगला कुणीही बसू शकतं. जवळची मीटिंग ए.ए.च्या संकेतस्थळावर किंवा हेल्पलाइनवर कळते, व्यसनमुक्तीचे डॉक्टरही सांगतात. पाच-दहा मिनिटं आधी जावं आणि पहिलीच वेळ आहे हे कुणालातरी सांगून ठेवावं. बोलायची सक्ती नसते, आपली पाळी आली तर ‘आज फक्त ऐकतो’ म्हटलं की झालं. आणि एका मीटिंगवरून सगळ्यांबद्दल मत बनवू नये. एखाद्या गटात दोघंच तासभर बोलतात, दुसऱ्या गटात तुमच्याच वयाची, तुमच्यासारखीच माणसं भेटतात. निदान तीन-चार वेगळ्या ठिकाणी बसून पाहावं.

‘घरच्यांनी हातावर हात धरून बसावं’

हे सगळ्यात निष्ठुर. अल-ॲनॉन हा नातेवाइकांचा गट १९५१ पासून आहे. पिणाऱ्याला सुधारायचं कसं, हा तिथला विषय नसतो. त्याच्या पिण्यापायी आपलं जे झालंय त्याचं काय करायचं, हा असतो. त्याने दारू सोडलेली असो वा नसो, तो ‘मला काही झालेलं नाही’ म्हणत असो, बायकोला, आईला, मोठ्या मुलाला त्या बैठकीला जाता येतं. त्याची परवानगी लागत नाही.