सावद्याचे आप्पा कुठे गेले?

धाकट्याच्या लग्नाच्या पत्रिकांवर नावांच्या चिठ्ठ्या डकवायच्या होत्या. ताईच्या लग्नात मी पीएचपी या प्रोग्रामिंगच्या भाषेत केलेला प्रोग्राम होताच. "एक बटण दाबलं की झालं," असं मी भुसावळला भरल्या घरात सांगून बसलो.

बटण दाबलं. एरर. यादीतून, म्हणजे ॲरेतून, एकेक नाव उचलून देणारं 'ईच' फंक्शन आता नाहीच म्हणे. 2017 च्या 7.2 आवृत्तीपासून पीएचपी बजावत होतं, 2020 च्या 8.0 मध्ये काढूनच टाकलं. इशारे येत होते, पण ते दिसू नयेत अशी सोयही मीच करून ठेवली होती.

"ॲरे फिरवायची पद्धत बदललीय," मी म्हणालो.

"मोठ्या माणसांना अरे काय म्हणतो?" आई.

मग त्याऐवजी 'फोरईच' लिहिलं. पहिल्या फेरीत प्रत्येक नावाला 'यांस सप्रेम' जोडायचं. बदल मूळ यादीतच व्हावा म्हणून व्हेरिएबलच्या, म्हणजे चालू नाव धरणाऱ्या डब्याच्या, आधी अँपरसँड (&). दुसऱ्या फेरीत, त्याच व्हेरिएबलने, नुसती छपाई. चिठ्ठ्या मोजल्या, बरोबर चाळीस.

यावलच्या मामांना दोन पत्रिका गेल्या. त्यांना वाटलं, आग्रह. सावद्याच्या आप्पांना एकही नाही. हे कळलं हळदीच्या आदल्या दिवशी, कारण मांडवाचे केळीचे खांब आप्पांच्या मळ्यातून यायचे होते, ते आलेच नाहीत. जळगाव जिल्ह्यात राहून केळीचे खांब विकत आणायची पाळी!

रात्री कोड उघडून बसलो. पहिली फेरी संपली तरी ते व्हेरिएबल शेवटच्या नावाच्या दावणीला बांधलेलंच राहतं. दुसऱ्या फेरीत त्यात जे नाव येईल ते थेट आप्पांच्या जागी जाऊन बसतं. आप्पा आधी रावेरचे काका झाले, मधे कधीतरी फैजपूरची आत्या, सरतेशेवटी यावलचे मामा. त्यांचा स्वतःचा नंबर लागला तेव्हा आप्पा उरलेच नव्हते. दोन फेऱ्यांच्या मधे एक 'अनसेट' लिहिलं असतं तर दावं सुटलं असतं. एक ओळ!

सकाळी पत्रिका घेऊन मोटरसायकलने सावदा गाठलं. आप्पा ओट्यावर सुपारी कातरत होते.

"आप्पा, मुद्दाम नाही हो. कॉम्प्युटरचं असं असतं, की यादीतलं जे शेवटचं नाव..."

अडकित्ता थांबला.

"काय भो, चाळीस जणांत मी शेवटी?"